गेटवरचं रजिस्टर

एजंट म्हटलं की मला आरटीओबाहेरचा माणूस आठवतो,
बगलेत फाइल, कानावर पेन.
ऋतुज हसला. म्हणाला, मॅडम, हा एजंट जेवत नाही.
मग त्याने साध्या मराठीतच टाइप केलं:
वागळे इस्टेट ते तळोजा,
पंप बनवणारे कारखाने,
खरेदी बघणारी माणसं,
थेट नंबर हवेत, ऑफिसचे नकोत.

चहावर साय धरायच्या आत
एकशे बारा नावं.
प्रत्येकासमोर मोबाइल, मेल
आणि खात्रीची टक्केवारी.
ब्याण्णव टक्के महाडेश्वर. अठ्ठ्याऐंशी टक्के कुरियन.
माणसाबद्दल इतकी खात्री
मला लग्नाच्या दिवशीही नव्हती.

नंबर सापडला तरच पैसे कापतात, ऋतुज सांगत होता.
मला सोळा नंबर रस्त्यावरचं निळं गेट दिसत होतं.

नव्व्याण्णव साल. लूनाच्या हँडलला पिशवी,
पिशवीत ऑइल सील, ओ-रिंग, गास्केटचे नमुने,
रबराचा वास पार केसांपर्यंत.
गेटवर घोगळे.
पहिल्या दिवशी: साहेब नाहीत.
दुसऱ्या दिवशी: साहेब नाहीत.
पाचव्या दिवशी स्टूल पुढे सरकवलं.
आणि गणपतीनंतर कधीतरी
रजिस्टर माझ्याकडे फिरवून
स्वतः रस्त्याकडे बघत बसले.
"लिवून घे गो. पण माझा नाव घेव नको."

नंबर सात आकडी.
पण नंबर एकटा कधी आला नाही.
"चौबळ सायबांक अकराच्या आधी फोन करू नको,
चेडवाक डायलिसिसाक नेतत."
"शेट्टीक आधी भाव सांगा नको, माल हातात दी."
हे मी वहीत नंबरच्या खाली बारीक अक्षरात लिहायचे.
त्या बारीक अक्षरांवर किसननगरचं भाडं निघालं,
मग कळव्यातलं वन रूम किचन.

चौबळांना मी चार वर्षं अकरानंतर फोन केला.
एका सोमवारी त्यांचाच आला, नऊ वाजता.
म्हणाले, आता कधीही करत जा.
मी हो म्हटलं. गास्केटचं काही बोलले नाही.

एकशे बारांत चौबळ आहेत.
सत्त्याऐंशी टक्के. मोबाइल, घरचा पत्ता,
निवृत्त असण्याची शक्यता.
शेवटी एक रकाना आहे, फोनसाठी उत्तम वेळ:
सकाळी साडेनऊ ते अकरा.

ऋतुजला वाटलं मला आकडे लागले नाहीत.
म्हणाला, तुमच्या ओळखीचं कुणी शोधून बघूया?
घोगळे, म्हटलं.
पहिलं नाव?

चौदा वर्षं बसले त्या स्टुलावर.
त्यांच्या डब्यातली सुक्या बांगड्याची चटणी खाल्ली,
त्यांच्या गुडघ्याला तेल आणून दिलं,
आणि पहिलं नाव—
कणकवलीकडचे, म्हटलं. गेटवर असायचे.
त्याने तेवढंच टाकलं.
वर्तुळ फिरलं. बराच वेळ फिरलं, खोटं कशाला बोलू.
या व्यक्तीचा खरेदीच्या निर्णयाशी संबंध आढळत नाही.
पैसे कापले गेले नाहीत.

संध्याकाळी रिक्षा सोळा नंबरला सोडली.
कारखान्याच्या जागी काचेची बिल्डिंग, आत एसीचा गारवा,
बाहेर गेटवर विशीतली मुलगी, हातात टॅब,
युनिफॉर्मचा शर्ट खांद्यावरून ओघळणारा,
आणि स्टूल नाही.
मोबाइल नंबर, मॅडम. ओटीपी येईल.
दिला. दहाच्या दहा आकडे, मुकाट्याने.
कुणाला भेटायचंय?
मागे दोन गाड्या हॉर्न मारत होत्या.
मी म्हटलं, आधी तुझं नाव सांग.
तिने टॅब छातीशी धरला.
कशाला? म्हणाली,
कंप्लेंट करणार का?